महामार्ग कसा आखावा: नवशिक्यांसाठी प्राथमिक धडे, किलोमीटर 42 वरून

हे मार्गदर्शन सरकारी खर्चाने रस्ता, पूल, धरण वगैरे बांधू इच्छिणाऱ्या होतकरू नियोजनकारांसाठी आहे. पूर्वज्ञानाची अट नाही. तुम्ही यापूर्वी स्वतःच्या घराचं कुंपण ठरल्या पैशांत आणि ठरल्या महिन्यात बांधून घेतलं असेल, तर मात्र काही वाईट सवयी मोडाव्या लागतील.

अभ्याससहलीसाठी कासू निवडलं आहे. पेण सोडून नागोठण्याकडे निघालात, वडखळ, डोलवी, गडब मागे पडलं की कासू येतं. रेल्वेनेही येता येईल. रोह्याची मेमू इथे थांबते, कोकण रेल्वेच्या लांबच्या गाड्या शिट्टी वाजवून पुढे जातात. गावात पाहण्यासारखं काय, असं विचाराल तर एकच: मुंबई-गोवा महामार्गाचा पळस्पे ते इंदापूर हा 84 किलोमीटरचा पट्टा सरकारने जिथे मधोमध कापला, ती जागा. पळस्पे ते कासू एक तुकडा, कासू ते इंदापूर दुसरा. दोन्ही निविदांत गावाचं नाव आहे. एवढा मान तालुक्याच्या गावांनाही मिळत नाही.

धडा पहिला: गरज मोजणे

नवशिके हमखास लोकांना विचारत सुटतात, की बाबांनो, तुम्हाला काय हवं आहे? असं करू नये. रस्त्यावर सलग सात दिवस, चोवीस तास माणसं बसवावीत आणि येणारं-जाणारं वाहन मोजावं. भारतीय रस्ते परिषदेचं कोष्टक सोबत ठेवावं. मोटार म्हणजे एक, मोटारसायकल अर्धी, बस किंवा ट्रक तीन आणि बैलगाडी आठ. होय, आठ, कारण ती वाट अडवते. हमरापूरहून गणपतीच्या मूर्ती घेऊन निघालेला छोटा टेम्पो दीड भरतो. आतल्या मूर्ती खड्ड्यांत भंगतात की टिकतात, याचं कोष्टक नाही.

मोजणी झाली की फायदा काढायचा. 1844 साली झ्यूल द्युप्युई नावाच्या फ्रेंच अभियंत्याने प्रश्न मांडला होता, की पुलाचा फायदा नेमका मोजायचा कसा? पूल ओलांडणाऱ्याने दिलेला पैसा मोजून भागत नाही, तो जास्तीत जास्त किती द्यायला तयार झाला असता हे पाहावं लागतं. विचार उत्तम होता. आता त्याचा जो अवतार सविस्तर प्रकल्प अहवालात, म्हणजे डीपीआरमध्ये दिसतो, त्यात वाचलेल्या वेळेला रुपयांत किंमत असते आणि ही किंमत प्रवाशागणिक बदलते. गोव्याला निघालेल्या मोटारीतल्या माणसाचा तास महाग. कासूच्या फाट्यावर एसटीची वाट बघणाऱ्या बाईचा तास स्वस्त. भाताच्या खाचरातून पलीकडच्या खाचरात जायला जिला महामार्ग ओलांडावा लागतो, तिचा तास तर बहुतेक वेळा हिशेबातच येत नाही. त्यामुळे उड्डाणपूल आधी येतो आणि पादचाऱ्यांचा भुयारी मार्ग आंदोलन झाल्यावर येतो. यात कुणाचा दुष्टपणा नाही, गणितच तसं आहे. पण गणित तसं कुणी ठेवलं, हा प्रश्न परीक्षेला येत नाही.

शेवटी परताव्याचा दर काढतात. जागतिक बँक आणि आशियाई विकास बँकेच्या जमान्यापासून बारा टक्क्यांच्या वर गेलेला प्रकल्प चांगला मानायची रीत आहे. आधी प्रकल्प ठरतो आणि मग तो बारा टक्क्यांच्या वर जातो. हा क्रम उलटा करू नये, सल्लागार कंपनी गोंधळते.

धडा दुसरा: पैसा

हा धडा लहान आहे, कारण इथे निर्णय तीनच. पहिल्या प्रकारात खाजगी कंपनी कर्ज काढून रस्ता बांधते आणि टोल गोळा करते. याला बीओटी म्हणतात. दुसऱ्यात सरकार सगळे पैसे देते, कंपनी फक्त बांधते. तिसऱ्यात सरकार बांधकामाच्या काळात 40 टक्के देतं आणि उरलेले 60 टक्के पुढे वर्षानुवर्षं हप्त्यांनी. पनवेल-इंदापूर, म्हणजे हाच 84 किलोमीटरचा पट्टा, 2011 साली पहिल्या प्रकाराने दिला गेला आणि 2014 पर्यंत तो चौपदरी व्हायचा होता. इंदापूरच्या दक्षिणेला पुढे दुसरा आणि तिसरा प्रकार वापरला. म्हणजे एकाच रस्त्यावर तिन्ही धडे गिरवायला मिळतात, विद्यार्थ्यांची मोठीच सोय आहे.

खाजगी सहभाग ही नवी कल्पना आहे, असंही समजू नका. कासूच्या पुढचंच नागोठणं घ्या. तिथे 1580 च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधलेला दगडी पूल आहे. त्याने वाहनं मोजली नव्हती, टोलची मुदतही ठरवली नव्हती. त्यामुळे तो आपल्या अभ्यासक्रमाबाहेर.

धडा तिसरा: जमीन

इथे सावकाश वाचा. सगळा विषय याच धड्यात आहे.

बीओटीच्या करारात साधारण अशी अट असते, की काम सुरू होण्याच्या ठरल्या दिवशी 80 टक्के जमीन सरकारने कंपनीच्या हाती द्यावी. ऐकायला बरं वाटतं. आता उरलेली वीस टक्के कुठे असते ते जाऊन बघा. पुलाच्या पोचरस्त्यावर, नाक्यावर, दुकानांच्या ओळीत, मंदिरापाशी, वळणावर. मोकळ्या शेतातला रस्ता झटपट होतो, आणि असा मोकळ्या शेतात सुरू होऊन मोकळ्या शेतातच संपणारा चौपदरी रस्ता कोकणाने वर्षानुवर्षं पाहिला. शंभर मीटर गुळगुळीत, मग डायव्हर्जन, मग मातीचा भराव, मग पुन्हा शंभर मीटर. पनवेल-इंदापूर पट्ट्यात तर कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्यही आहे. रस्ता त्याच्या पोटातून जातो, हे नकाशावर दिसत होतं. वन्यजीव विभागाची परवानगी लागणार, हेही ठाऊक होतं. तरी काम आधी आणि परवानगी मागून, असा क्रम लागला. हा क्रम नवशिक्यांनी पाठ करावा.

मग सातबारा. समजा, आजोबांच्या नावावरचे अकरा गुंठे आहेत. आजोबा वारले, वारसनोंद कुणी केली नाही. चार मुलगे, दोन मुली. एक परळला, एक डोंबिवलीला, एक सुरतेला, गावात राहतो तो धाकटा. बहिणींची नावं लावायची की नाही, यावर दहा वर्षं अबोला. अशा घरात एके दिवशी प्रांत कार्यालयाची नोटीस येते. राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3अ ची आधी, मग 3ड ची, आणि दुसरीनंतर जमीन केंद्र सरकारची झालेली असते. मोबदला मात्र कुणाचा, ते भाऊ ठरवतात. म्हणजे ठरवत नाहीत. 2015 पासून नव्या भूसंपादन कायद्याचा मोबदला महामार्गांनाही लागू झाला, रकमा वाढल्या, आणि भावकीला एकदम वकिलांची गरज भासू लागली.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी एप्रिल 2025 मध्ये दादरच्या एका व्याख्यानात महामार्ग रखडण्याचं हेच कारण सांगितलं: भावाभावांची भांडणं, कोर्टातले खटले, मोबदल्याचा घोळ. हे खरं आहे. कोकणात राहणाऱ्या कुणालाही शपथेवर खरं वाटेल. पण विद्यार्थ्यांनी कायदाही वाचावा. वारसांत वाद असला तर मोबदल्याच्या वाटणीचा वाद दिवाणी न्यायालयाकडे सोपवून जमिनीचा ताबा घेण्याची तरतूद 1956 च्या त्याच कायद्यात आहे. भाऊ भांडत बसू शकतात, रस्त्याने थांबायचं कारण नाही. मग तो का थांबला? कारण ताबा घ्यायला प्रांत, भूमी अभिलेख, पोलीस, महामार्ग प्राधिकरण आणि ठेकेदार एका सकाळी एका बांधावर हजर लागतात. हे घडवून आणणारा एक माणूस नेमावा लागतो आणि तो बदलीशिवाय टिकवावा लागतो. असा माणूस कोणत्याही अंदाजपत्रकात धरलेला नसतो.

जे रस्ते झाले त्यांचे सातबारे काही वेगळ्या तलाठ्याने लिहिले नव्हते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. घोषणा 2015 ची, शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला. तिथे रस्ते विकास महामंडळाने बहुतेक जमीन थेट खरेदीने, पाचपट भावाने, आधी घेतली आणि मग रोलर फिरवला. फाईल मुख्यमंत्र्यांच्या टेबलावर होती. त्याच्याही आधीचं उदाहरण हवं तर कासूहून मेमूने शेवटच्या स्टेशनपर्यंत जा. रोह्यापासून दक्षिणेला कोकण रेल्वे सुरू होते. मधू दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री अशी गाठ पडली, 1990 मध्ये स्वतंत्र महामंडळ निघालं, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. सुमारे 740 किलोमीटर, बोगदे, दऱ्या, पावसाळे धरून, 26 जानेवारी 1998 रोजी सगळा मार्ग सुरू. डोंगर तेच, पाऊस तोच, भावकीही तीच. फरक एवढाच, की रखडलं तर कुणाला विचारायचं हे सगळ्यांना माहीत होतं.

धडा चौथा: तुकडे पाडणे

पनवेल-इंदापूरच्या कंपनीचं कर्ज अडकलं, काम रुतलं, करार विस्कटला. अशा वेळी रस्त्याचे तुकडे पाडतात. सरळ मध्ये, कासूला, कात्री लावली गेली. पुढे काँक्रीटीकरणही याच हिशेबाने निघालं.

तुकड्यांचा फायदा काय? तक्रार फिरती राहते. इंदापूरपर्यंतचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. इंदापूरच्या पुढे झारापपर्यंत तो राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेचा, आणि तिथे पुन्हा दहा तुकडे, दहा ठेकेदार. महाराष्ट्र संपला की गोव्याचं खातं. गाडीच्या टायरला हे कळत नाही, पण अर्जदाराला पहिल्याच पत्रोत्तरात कळतं: "सदर लांबी या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." हे वाक्य नियोजनकाराने सुवाच्य अक्षरात लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवावं.

धडा पाचवा: तारीख

प्रकल्पाला तारीख द्यावी लागते. विधानसभेला एक, उच्च न्यायालयातल्या जनहित याचिकेला प्रतिज्ञापत्रावर एक आणि पत्रकारांना एक. त्या जुळाव्यात अशी सक्ती नाही. कोकणासाठी सर्वांत सोयीची तारीख "गणपतीपूर्वी" ही आहे, कारण ती दरवर्षी येते.

आधीच्या तारखा उजळणीसाठी: 2014. मार्च 2023 मध्ये पनवेलजवळ या महामार्गाच्या कामांचं भूमिपूजन झालं, तेव्हा डिसेंबर 2023. म्हणजे 2011 साली ज्याचं काम सुरू झालं, त्याच किलोमीटरांचं बारा वर्षांनी पुन्हा भूमिपूजन. नारळवाले सुखी राहोत. त्याच वर्षी गणपतीच्या तोंडावर मनसेने पळस्प्याहून पदयात्रा काढली आणि कशेडीच्या बोगद्याची एक बाजू घाईने उघडली गेली. एप्रिल 2025 च्या त्या व्याख्यानात जून 2025 ही तारीख आली. जून गेला. 2025 च्या गणपतीतही माणगावातून गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, कारण माणगाव आणि इंदापूरचे बाह्यवळण रस्ते झालेले नव्हते. मधल्या काळात खड्ड्यांत पेव्हर ब्लॉक बसवायची पद्धत रूढ झाली. महामार्गावर अंगणातल्या फरश्या बसवण्याची ही कल्पना जागतिक साहित्यात मला कुठे आढळली नाही.

जागतिक साहित्यात दुसरं बरंच आहे. बेंट फ्लुबियर या डॅनिश अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये वीस देशांतले 258 वाहतूक प्रकल्प तपासले. दहांपैकी नऊंचा खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रस्त्यांचा सरासरी वीस टक्क्यांनी, रेल्वेचा पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास. त्याचं म्हणणं असं, की हे अंदाज चुकत नाहीत, ते कमी ठेवले जातात, कारण खरा आकडा सांगितला तर प्रकल्प रांगेत मागे पडतो. ब्रिटनच्या अर्थखात्याने यावर उपाय म्हणून अंदाजावर आधीच काही टक्के चढवून धरायला सांगितलं. आपल्याकडे याला स्वतंत्र मराठी उपाय आहे: सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. आधी कमी आकड्याची मान्यता, मग सुधारित, मग पुन्हा सुधारित.

एक अपवाद अभ्यासाला घ्यायलाच हवा. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसकट वाहून गेली. त्यानंतर नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये वाहतूक सुरू झाली. म्हणजे याच महामार्गावर, याच यंत्रणेकडून, याच नियमांत पूल वेळेआधी होऊ शकतो. जुना पूल जीर्ण आहे हे त्याच्यावरून जाणाऱ्या ड्रायव्हरांना दिसत होतं, पण प्राधान्यक्रमात त्याचा नंबर माणसं गेल्यावर लागला. यावर विनोद करता येत नाही, म्हणून पुढे जाऊ.

धडा सहावा: जिल्ह्यातला प्राधान्यक्रम

राष्ट्रीय महामार्ग तुमच्या हातात नसेल तर निराश होऊ नका. जिल्हा नियोजन समिती आहे. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने आली, राज्यात तिचा कायदा 1998 चा. अध्यक्ष पालकमंत्री. गावातल्या रस्त्याला निधी हवा तर ठराव ग्रामसभेतून निघतो, आणि काम आमदारांच्या पत्राने लागतं. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. रायगडपुरती अडचण अशी, की 18 जानेवारी 2025 रोजी पालकमंत्रीपदांची यादी निघाली, त्यात रायगडला अदिती तटकरे यांचं नाव आलं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. प्राधान्यक्रम ठरवण्याच्या खुर्चीचाच प्राधान्यक्रम ठरेना.

लेखाशीर्षं शिकून घ्या. 5054 म्हणजे रस्ते-पुलांची नवी कामं, 3054 म्हणजे देखभाल. 5054 ला कोनशिला बसते. 3054 च्या गटारसफाईला, मोरी मोकळी करण्याला, साईडपट्टी भरण्याला कोनशिला बसत नाही, फोटो निघत नाही. म्हणून रस्ता पावसाळ्यात पाणी तुंबून आधी मरतो आणि मग नव्याने जन्माला येतो, 5054 खाली. देखभालीला पैसा नसण्याचं कारण पैसा नसणं हे क्वचितच असतं.

पाण्यातही हेच. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे आणि त्याचं पाणी सिडकोच्या जलवाहिनीतून नवी मुंबईला जातं. खाडीकाठच्या खारेपाटातल्या, पेणमधल्याच वाशी-शिर्कीकडच्या बाया मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट बघत आल्या. नवी मुंबईकडे पाण्याचा ग्राहक आहे आणि तो बिल भरतो, खारेपाटाकडे फक्त तहान आहे. परताव्याच्या दरात तहान बसवायची कशी, हे द्युप्युईनेही सांगितलं नाही. त्याच तालुक्यात बाळगंगा धरण. तेही नवी मुंबईच्या पाण्यासाठी, सिडकोच्या पैशातून, कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने काढलेलं. खर्च फुगला, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदवला, आणि बुडणाऱ्या गावांचं पुनर्वसन रेंगाळत राहिलं. इथेही भिंत आधी, माणसं मागून.

स्वाध्याय

तर आता नवी संधी आली आहे. चौपदरी महामार्ग पुरा होण्याआधीच रस्ते विकास महामंडळाने कोकण द्रुतगती महामार्ग आखला आहे. पेण तालुक्यातल्या बलवलीपासून सिंधुदुर्गातल्या पत्रादेवीपर्यंत. आखणी चांगली असेलही, मी विरोधात नाही. फक्त त्याच्या पहिल्या बैठकीला तुम्ही असाल तर तीन कागद मागा: भूसंपादन किती टक्के झाल्यावर कार्यारंभ आदेश निघणार, सगळ्या लांबीला जबाबदार असा एक अधिकारी कोण, आणि रस्ता झाल्यावर दरवर्षी देखभालीला किती पैसा कुठून येणार. कागद मिळाले नाहीत तर माहितीच्या अधिकारात मागा. तेही नाही मिळाले तर समजा, की प्रकल्प अगदी अभ्यासक्रमानुसार चालला आहे.

आणि पेण, रोहा, माणगावच्या वाचकांना वेगळं सांगणं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण वारसनोंदीचा अर्ज अजून त्यांच्याकडेच जातो. आजोबांचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर याच आठवड्यात जाऊन या, आणि बहिणींची नावं लावा. नोटीस येईल तेव्हा भावाशी बोलायला वेळ मिळणार नाही.